वाचकांचे प्रश्न: पेटीवरचा नंबर मागं कुठंपर्यंत जातो?

प्रश्न (सांगोल्याहून एक वाचक): राम राम. तीन एकर भगवा डाळिंब आहे, हस्त बहार धरलाय. यंदा एक्स्पोर्टवाला व्यापारी म्हणतोय प्लॉटचं रजिस्ट्रेशन करा, फवारणीची नोंद ठेवा, पेटीवर कोड येणार. दर मात्र लोकलपेक्षा थोडाच जास्त सांगतोय. सोलापूर मार्केटला माल नेला तर असलं काही विचारत नाहीत. मग हा उद्योग कशाला? आणि एवढं सगळं कॉम्प्युटरवर असताना कंटेनर परत कसे येतात?

उत्तर: राम राम दादा. शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, खरी गोम तिथंच आहे.

आपल्याकडं अपेडानं, म्हणजे शेतमाल निर्यातीचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेनं, 2006 साली द्राक्षासाठी ग्रेपनेट ही ऑनलाइन नोंदीची यंत्रणा सुरू केली, नंतर डाळिंबासाठी अनारनेट आलं. पद्धत साधी आहे. कृषी खातं तुमच्या प्लॉटला नंबर देतं, मान्यताप्राप्त लॅबचा माणूस येऊन सॅम्पल काढतो, रेसिड्यूचा, म्हणजे फळात उरलेल्या औषधाच्या अंशाचा, रिपोर्ट त्याच नंबरावर चढतो, रिपोर्ट पास असेल तरच पॅकहाऊसमधून माल पुढं सरकतो, आणि पेटीवरच्या लेबलवरून उलटं मागं येत येत थेट तुमच्या बांधापर्यंत पोचता येतं. युरोपात 1 जानेवारी 2005 पासून कायदाच आहे की प्रत्येक धंदेवाल्यानं माल कुणाकडनं घेतला आणि कुणाला दिला हे सांगता आलं पाहिजे. तिकडं एका देशाला काही सापडलं की रॅस्फ नावाच्या त्यांच्या इशारा यंत्रणेतनं बाकीच्या देशांना लगेच कळतं.

तरी 2010 ला काय झालं, आठवतंय का? द्राक्षात सीसीसी म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराईड, वेलीची वाढ रोखायचं औषध, सापडलं आणि युरोपात आपले कंटेनर अडकले. ग्रेपनेट चालू होतं, प्लॉट नोंदलेले होते, रिपोर्ट पास होते, पण आपल्याकडं तपासायच्या यादीतच ते औषध नव्हतं. कॉम्प्युटरला जे विचारलंच नाही ते तो सांगणार कुठनं. म्हणून मी सगळ्यांना सांगते, सगळा भरवसा लॅबवर टाकू नका, फवारणीच्या टाकीत काय काय पडलं हे तुम्हालाच माहीत असतं आणि ते कागदावर यायलाच पाहिजे.

माझ्या मावसभावाचं सांगते, मंगळवेढ्याकडं प्लॉट आहे त्याचा. व्यापाऱ्याचा माणूस उद्या येणार म्हटल्यावर रात्री बसून चार महिन्यांची फवारणी एका बैठकीत लिहून काढली, मी तिथंच होते. एकाच पेनानं, एकाच शाईत, आणि मधले आठ दिवस पाऊस होता त्या दिवशीपण फवारणी लिहिलेली! मग तीच वही मोबाईलमध्ये चढली. पुढं सॅम्पलमध्ये एका कीटकनाशकाचा अंश जास्त निघाला तेव्हा कुठल्या फवारणीतनं आला हे त्यालाच सांगता येईना, काढणीआधी किती दिवस थांबायचं होतं तेही हुकलेलं, आणि दोन प्लॉटपैकी नेमका कुठला हेही नाही, शेवटी दोन्ही प्लॉटचा माल लोकलला गेला. वाईट वाटतं हो, एक प्लॉट त्यातला चांगला होता.

ज्या औषधाला युरोपात वेगळी मर्यादा ठरलेली नसते त्याला किलोमागं 0.01 मिलिग्रॅमची मर्यादा लागते. म्हणजे 100 टन मालात 1 ग्रॅम. शेजाऱ्याच्या ब्लोअरचा वारा, किंवा आधीच्या औषधाची न धुतलेली टाकी, एवढ्यानंसुद्धा बट्टा लागू शकतो.

ब्लॉकचेनबद्दलपण, म्हणजे अनेक कॉम्प्युटरवर एकत्र ठेवलेल्या नोंदवहीबद्दल, लोक विचारतात म्हणून सांगते. अमेरिकेत वॉलमार्टनं आयबीएमबरोबर चाचणी घेतली होती, कापलेल्या आंब्याचं पाकीट मागं बागेपर्यंत शोधायला आधी जवळजवळ सात दिवस लागले, नव्या पद्धतीत 2.2 सेकंद. फार मोठी गोष्ट आहे ती, कारण लोक आजारी पडत असताना सात दिवस म्हणजे खूप होतात. पण चुकीची नोंद 2.2 सेकंदात सापडली तरी चुकीचीच ना. ब्लॉकचेनमध्ये मागची नोंद गुपचूप बदलता येत नाही एवढंच, पहिली नोंद खरी की खोटी हे त्याला कळत नाही.

दर थोडाच जास्त मिळतोय तर करायचं का? माझं मत, करा. नोंद ठेवायची सवय लागली की पुढच्या बहाराला तुम्ही दुसऱ्या व्यापाऱ्याकडंही जाऊ शकता, पण रजिस्ट्रेशनचे कागद आणि लॅब रिपोर्टची कॉपी स्वतःकडं ठेवा, व्यापाऱ्याच्या मोबाईलमध्ये नाही. आणि फवारणी झाली की त्याच संध्याकाळी लिहा, औषधाच्या बाटलीचा बॅच नंबर दिसेल असा फोटो काढून.

प्रश्न (अक्कलकोट रोडवरून): बारकोड 890 नं सुरू झाला की माल भारतातला, हे खरं का?

उत्तर: नाही. 890 म्हणजे तो नंबर जीएस1 इंडिया या बारकोडचे नंबर देणाऱ्या संस्थेकडनं घेतलाय एवढंच. आतला माल कुठलाही असू शकतो. पाकिटावर मूळ देश लिहिलेला असतो तो वाचा.

प्रश्न (सोलापुरातल्या एक ताई): आमचा बचत गट शेंगा चटणी करतो. पुतण्याच्या ओळखीनं दुबईतला दुकानदार माल घ्यायला तयार आहे. पाकिटावर क्यूआर कोड लावला की पुरे का?

उत्तर: ताई, आधी अभिनंदन! पण क्यूआर कोड म्हणजे नुसतं दार, आत काहीतरी ठेवलेलं पाहिजे. एका दिवशी कुटलेली चटणी ती एक बॅच धरा, आणि त्या बॅचपुढं शेंगदाण्याचं पोतं कुणाकडनं कधी आलं, तिखट कुठलं, किती पाकिटं भरली, कुणाला गेली, एवढं लिहा. साध्या एक्सेलमध्येसुद्धा चालतं. एफएसएसएआयचं (अन्न सुरक्षा खात्याचं) लायसन आणि आयईसी म्हणजे आयात-निर्यातीचा कोड लागेलच.

तुमच्या मालात खरी भीती अफ्लाटॉक्सिनची. ओल धरलेल्या शेंगदाण्यावर बुरशी येते, तिचं विष भाजल्यानं पूर्ण जात नाही, आणि चटणीत लसूण-तिखट पडल्यावर वासावरनं कळतही नाही. युरोपात थेट खायच्या शेंगदाण्यात एकूण अफ्लाटॉक्सिन किलोमागं 4 मायक्रोग्रॅमच्या वर चालत नाही, दुबईची मर्यादा दुकानदाराकडनं लेखी मागवून घ्या. पोतं घेताना मूठभर दाणे फोडून बघा, काळपट, सुरकुतलेले, कडवट दाणे हातानं निवडून काढा, पोती भिंतीला टेकवून ठेवू नका. लॅबची टेस्ट करूनच पहिला माल पाठवा. आणि प्रत्येक बॅचमधलं एक पाकीट तारीख घालून बाजूला ठेवा, तिकडनं तक्रार आली तर तपासायला तुमच्याकडं तेच असेल.