घरी ब्लाउज शिवता येतात, तर गारमेंटमध्ये पक्की ऑपरेटर व्हायला किती काळ लागेल?

तुम्ही लिहिलंय की तासगाव तालुक्यात राहता, पायाच्या मशीनवर ब्लाउज-ड्रेस शिवता, आणि सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या एका शर्टच्या युनिटमध्ये 'आधी हेल्पर म्हणून या' असं सांगितलंय. ऑपरेटर कधी होणार, ए ग्रेड कधी मिळणार आणि मुळात जावं का, हे विचारलंय. मी कुपवाडलाच हेल्परपासून सुरुवात केली, आता लाईन, म्हणजे एकामागोमाग मशीनची रांग, बघते. त्या अनुभवावरून सांगते.

जा, पण हेल्पर म्हणून नको. मशीनवर ट्रायल द्यायची आहे असं सांगा. धागे कापणं, बंडल पोचवणं, कॉलर उलटवून टोक काढणं, ऑल्टरचे, म्हणजे चूक निघून दुरुस्तीला आलेले, पीस गोळा करणं ही हेल्परची कामं. त्यात लाईन कशी चालते ते कळतं, पण हात मशीनवर बसत नाही. 'वर्ष झालं, अजून मशीन दिलं नाही' असं म्हणणाऱ्या बायका मी बघितल्यात. घेतलंच हेल्पर म्हणून, तर जेवणाच्या सुट्टीत रिकाम्या मशीनवर चिंधी शिवू देणार का, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

ब्लाउज येतो याचा उपयोग होतो, कारण कापडाची उभी-आडवी वीण, उरेब, गोलाई हे तुम्हाला शिकवावं लागत नाही. सवयी मात्र मोडाव्या लागतात. घरी आपण खडूनं आखतो, टाचणी लावतो, चार टाके घालून थांबतो, वाकून बघतो, मग पुढं जातो. इथलं सिंगल निडल मशीन मिनिटाला 5000 टाक्यांपर्यंत पळतं. नवख्याचा पाय पडला की कापड हातातून निसटतं. हल्ली बऱ्याच मशीनना सर्वो मोटर असते, तिचा वेग मेकॅनिक कमी करून देतो. लाजू नका, सांगा त्याला. सुरुवातीला धागा न ओवता कागदावर सराव करायचा: सरळ रेघ, काटकोन, मग गोल. काटकोनाच्या टोकावर सुई बरोबर थांबली पाहिजे, एक टाका पुढं नाही की मागं नाही. हे जमलं की पाय तुमचा झाला. फूट, म्हणजे मशीनचा कापड दाबणारा पाय, गुडघ्यानं उचलायची सवय लावा, म्हणजे दोन्ही हात कापडावर राहतात.

आता वेगाबद्दल. सगळ्यांना वाटतं, मशीन जोरात पळवलं की पीस वाढतात. तसं नाही. बहुतेक ऑपरेशनमध्ये सुई प्रत्यक्ष चालते तो वेळ थोडा असतो. बंडलमधून तुकडा उचलणं, कडा जुळवणं, फुटाखाली सरकवणं, शिवलेला बाजूला टाकणं यातच वेळ जातो. चांगली ऑपरेटर एका हातानं शिवलेला पीस सोडते तेव्हा दुसरा हात पुढच्या तुकड्यावर असतो. तुमच्या शेजारी अशी कुणी बसत असेल तर तिच्या सुईकडं बघू नका, डाव्या हाताकडं बघा.

टार्गेट कसं काढतात तेही समजून घ्या, नाहीतर सुपरवायझर आकडा सांगतो आणि आपण मान डोलावतो. प्रत्येक ऑपरेशनला 'सॅम' असतो, म्हणजे ते काम नीट करायला लागणारी ठरलेली मिनिटं. समजा सॅम 0.60 आहे. आठ तासांची 480 मिनिटं, 480 भागिले 0.60 म्हणजे 800 पीस, हे झालं शंभर टक्के. तुम्ही 400 काढले तर एफिशियन्सी 50. नवख्याला सुरुवातीला 40-50 ठीक आहे. पण ऑल्टरला परत आलेला पीस उसवून पुन्हा शिवायचा वेळ तुमच्याच 480 मधून जातो, म्हणून आधी साफ शिवण, मग आकडा.

शर्टच्या लाईनवर कामाची चढण साधारण अशी असते. लेबल लावणं, खिशाची वरची पट्टी, बाहीची दुमड ही सरळ कामं आधी देतात. मग योक (पाठीवरची खांद्यालगतची पट्टी), खांदा. साईडची शिवण ओव्हरलॉकवर किंवा फीड ऑफ द आर्मवर होते, तिथं मशीनच वेगळं. मग खिसा बसवणं आणि बाही जोडणं. शेवटी बाहीची पट्टी, कफ आणि कॉलर. कॉलरवाली ऑपरेटर गैरहजर असली की आख्खी लाईन तोंडात मारल्यासारखी बसते.

कॉलर अवघड का, तर गळा गोल कापलेला, काही भाग उरेबमध्ये येतो, हात लावला की ताणतो. कॉलरची पट्टी मात्र फ्युजिंग (इस्त्रीनं चिकटवलेलं अस्तर) लावलेली, कडक. त्यात मशीनचे दात खालचं कापड पुढं ढकलतात आणि फूट वरचं अडवतं, म्हणून शेवटी वरची बाजू उरते. ओढून जुळवलं तर पुढून गळा वाकडा दिसतो. त्यामुळं खालचं कापड बोटानं किंचित धरून ठेवायचं, वरच्याला हळूच पुढं जाऊ द्यायचं, आणि मधला नॉच (जुळवणीसाठी कडेला दिलेला छोटा काप) व दोन्ही खांद्यांचे नॉच आले का हे शिवता शिवताच बघायचं. शर्ट मध्यावर दुमडून दोन्ही टोकं एकमेकांवर ठेवली की चूक लगेच उघडी पडते. चेकर तेच करतो, तुम्ही आधी करा.

काळ विचारलात तर माझ्या बघण्यात असं येतं: एका सरळ ऑपरेशनवर तीन महिन्यांत माणूस उभा राहतो, वर्षभरात तीन-चार ऑपरेशन येतात, कॉलर-कफवर भरवसा ठेवावा असं व्हायला दीड-दोन वर्षं. ग्रेडचे नियम प्रत्येक युनिटचे वेगळे, पण बहुतेक ठिकाणी सी म्हणजे एखादं सोपं काम, बी म्हणजे दोन-तीन, आणि ए म्हणजे अवघड कामांसकट बरीच ऑपरेशन, तीही चांगल्या एफिशियन्सीनं.

आणि इथं एक गोष्ट सांगते, जी आम्ही लाईन बघणारे स्वतःहून सांगत नाही. तुम्ही खिशावर फास्ट झालात की आम्ही तुम्हाला खिशावरून हलवणार नाही. आमचं टार्गेट तुमच्यावर निघतं ना! तुमची ग्रेड मात्र तिथंच थांबते. नवीन काम मागून घ्यावं लागतं, आणि मागायची वेळ आपल्या भागात ठरलेली आहे. फेब्रुवारी ते एप्रिल द्राक्षाची तोडणी आणि बेदाण्याचे शेड सुरू झाले की निम्म्या लाईनला सुट्टी हवी असते. तेव्हा कफ रिकामा, बाही रिकामी. त्या दिवसांत 'मॅडम, मला कफवर बसवा' म्हटलं तर नाही म्हणायची सोय आम्हाला नसते. पीस कमी आले तरी चालवून घेतो, एरवी घेत नाही.

पगाराचं दोन ओळीत. छोट्या युनिटमध्ये पीस रेट, म्हणजे नगावर पैसे, असतो. हात बसलेल्याला तो परवडतो, शिकणाऱ्याला नाही, कारण नवं ऑपरेशन घेतलं की त्या आठवड्याची कमाई पडते आणि मग कुणी शिकतच नाही. पहिलं वर्ष महिन्याच्या पगारावर काढा, जिथं पीएफ आणि ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) कापतात तिथं. ईएसआयला पगारातून 0.75 टक्के जातात, मालक 3.25 भरतो, आणि घरच्यांचंही औषधपाणी होतं. नेमणुकीच्या कागदावर अकुशल, अर्धकुशल की कुशल काय लिहिलंय ते वाचून मगच सही करा, किमान वेतन त्यावर ठरतं.

सुईचं थोडं माहीत असू द्या. शर्टिंगला 11 नंबर, जीन्सला 16 किंवा त्याहून जाड. सिंगल निडलला सुईची लांब खाच डाव्या बाजूला यायला हवी, उलटी बसली की टाका सुटतो आणि आपण उगाच धाग्याचं टेन्शन फिरवत बसतो. सुई मोडली तर एक्स्पोर्टच्या युनिटमध्ये सगळे तुकडे शोधून जमा केल्याशिवाय नवी मिळत नाही, त्यामुळं मोडल्यावर तुकडा टाकून देऊ नका.

आयटीआयचा एक वर्षाचा सीविंग टेक्नॉलॉजी ट्रेड घरातल्या धाकट्या मुलीसाठी चांगला, पुढं सुपरवायझर किंवा क्वालिटीत जायला उपयोगी पडतो. तुम्हाला त्यासाठी थांबायची गरज नाही.

ट्रायलला जाताना केस बांधा, ओढणी पिनअप करा, काचेच्या बांगड्या घरी ठेवा. ट्रायल झाल्यावर एवढं विचारा: 'सहा महिन्यांनी मला कुठल्या ऑपरेशनवर बसवाल?' नाव घेऊन उत्तर आलं तर रुजू व्हा. 'बघू' म्हणाले तर घाई करू नका, एमआयडीसीत 'ऑपरेटर पाहिजेत'चे बोर्ड अजून दोन-चार गेटवर तरी सापडतील.