गोळीला सुट्टी, इंजेक्शनला नाही

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

औषधांच्या दुकानात रुजू होऊन महिनाही झाला नाही, तोच तू नेमका प्रश्न विचारलास. हाडांच्या ठिसूळपणासाठी दर रविवारी उपाशीपोटी अलेंड्रोनेट घेणाऱ्या आजींना डॉक्टरांनी ५ वर्षांनंतर ती गोळी थांबवायला सांगितली. आता सहामाही डेनोसुमॅब घेणारी त्यांची शेजारीणही इंजेक्शनला सुट्टी मागते आहे.

तिला सांग, की आजार एकच असला तरी औषधांचे स्वभाव वेगळे आहेत. अलेंड्रोनेट हाडात साठून राहते आणि गोळी बंद केल्यावरही वर्षानुवर्षे थोडे थोडे सुटत असते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या फ्लेक्स चाचणीत, सुमारे ५ वर्षे ते घेतलेल्या काही स्त्रियांना आणखी ५ वर्षे तेच औषध, तर बाकीच्यांना औषध नसलेली गोळी दिली गेली. मणका सोडून इतर हाडे मोडण्याचे प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखे राहिले. मात्र त्रास देणारे मणक्याचे अस्थिभंग औषध चालू असलेल्यांत २.४ टक्के, तर थांबवलेल्यांत ५.३ टक्के होते. म्हणून ज्यांचा मणका किंवा खुबा आधीच मोडला आहे, त्यांना सुट्टी देताना डॉक्टर कचरतात. बाकीच्यांना मात्र ती सुट्टी देतात, कारण दीर्घ वापराने क्वचित मांडीच्या हाडालाच तडा जातो आणि गोळी थांबवल्यावर तो धोका घटतो.

डेनोसुमॅब हाडात साठत नाही. त्याची मात्रा लांबली की दबलेली झीज उसळून येते आणि काहींचे एकाहून अधिक मणके मोडतात. ते थांबवायचेच असेल, तर त्याच्या पाठोपाठ दुसरे औषध डॉक्टरांनी ठरवून द्यावे लागते.

'सुट्टी' हा शब्द मला तितकासा पटत नाही, कारण शाळेच्या सुट्टीत निदान शाळा उघडण्याची तारीख तरी ठाऊक असते. आजींना फेरतपासणी केव्हा सांगितली आहे ते विचार; साधारण दोन-तीन वर्षांत हाडांची घनता पुन्हा पाहतात. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व लिहून दिलेले असेल तर ते गोळीबरोबर आपोआप बंद होत नाही, आणि मांडीत किंवा जांघेत नवे दुखणे सुरू झाल्यास डॉक्टरांना लगेच कळवायचे असते, हेही त्यांना सांग. शेजारणीच्या पुढच्या इंजेक्शनची तारीख मात्र आजच विचारून घे.

तुझा,
जुना शिक्षक