उष्णता साठवणारी भिंत आणि पदवीची निवड

सप्रेम नमस्कार.

आपली मुलगी बारावीत विज्ञान शाखेत शिकते आणि भिंतीत उष्णता साठवून घराचे तापमान आटोक्यात ठेवणाऱ्या पदार्थांवर तिला पुढे काम करायचे आहे. त्यासाठी रसायनशास्त्र घ्यावे की वास्तुरचना, आणि एवढ्याशा विषयावर आयुष्य बेतावे का, असे आपण विचारले आहे.

विषय वाटतो तेवढा लहान नाही. १ किलो काँक्रीट १ अंशाने तापण्यास सुमारे १ किलोज्यूल उष्णता लागते. १ किलो पॅराफिन मेण मात्र केवळ वितळताना सुमारे २०० किलोज्यूल उष्णता शोषते आणि गोठताना ती परत देते. शाळेत शिकलेला अप्रकट उष्मा तो हाच. २५ अंशांच्या आसपास वितळणारे मेण सूक्ष्म कवचांत भरून गिलाव्यात मिसळले, तर दुपारच्या उष्णतेचा बराच भाग भिंतीतच मुरतो. परंतु रात्री पुरेसा गारवा नसेल, तर मेण पुन्हा गोठत नाही आणि दुसऱ्या दिवशी ती भिंत साध्या भिंतीसारखीच वागते. शिवाय मेण पेट घेते आणि त्यातून उष्णता सावकाश वाहते.

आपल्या प्रश्नाचे उत्तर मला एका जुन्या घरात सापडते. अमेरिकेतील डोव्हर येथे १९४८ मध्ये मारिया टेलकेश या शास्त्रज्ञ आणि एलिनॉर रेमंड या वास्तुरचनाकार यांनी मिळून सौरघर उभारले. त्यात उन्हाची उष्णता साठवण्यासाठी सुमारे ३२ अंशांना वितळणारा ग्लॉबर क्षार (स्फटिकात पाणी असलेले सोडियम सल्फेट) वापरला होता. काही हिवाळ्यांनंतर वारंवार वितळून-गोठून क्षाराचे थर वेगळे झाले, साठवणक्षमता घटली आणि ती यंत्रणा सोडून द्यावी लागली. घराची रचना विचारपूर्वक केलेली होती. हार खाल्ली ती पदार्थाने. हजारो वेळा वितळूनही न बदलणारा, स्वस्त आणि न पेटणारा पदार्थ घडवणे हे आजही या क्षेत्रातील अवघड काम आहे, म्हणून मुलीची ओढ पदार्थाकडे असेल तर रसायनशास्त्र किंवा पदार्थविज्ञान घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. अशी भिंत कोणत्या दिशेला असावी, रात्री वारा कसा खेळवावा, हे प्रश्न तिला अधिक खुणावत असतील, तर वास्तुरचना योग्य. कोणताही मार्ग घेतला, तरी पहिली पदवी मूळ विषयाचीच असावी. विशेष अभ्यास पदव्युत्तर टप्प्यावर करता येतो आणि तोवर मन बदलले तरी काही वाया जात नाही.

प्रवेशापूर्वी तिला एक प्रयोग करू द्या. परीक्षानळीतील मेण गरम पाण्यात ठेवून वितळवावे (थेट आचेवर नको), ते निवताना दर मिनिटाला तापमान नोंदवावे आणि आलेख काढावा. साधे मेण हे अनेक घटकांचे मिश्रण असल्याने गोठण्याच्या टप्प्यावर आलेख पूर्ण सपाट न होता किंचित उतरता दिसेल. हे कारण तिला आधी सांगू नका. आलेखातील तो उतार तिने स्वतः हेरला आणि पुन्हा पुन्हा मोजून पाहिला, तर मला जरूर कळवा.