उंची कमी, म्हणून बेंचवर?

प्रश्न : मुलगा 11 वर्षांचा. कोल्हापुरात 13 वर्षांखालील फुटबॉल संघात आहे, पण उंची कमी म्हणून बेंचवर बसतो. दम वाढावा म्हणून रोज पहाटे त्याला ग्राउंडचे 10 राउंड मारायला लावतो. मॅचमध्ये मी बाहेरून सतत सांगत असतो, तरी बॉल आला की गडबडतो. शाळा सोडवून निवासी अकादमीत घालू का? – एक वडील

उत्तर : नको. आणि आधी ते बाहेरून सांगणं थांबवा. मुलाच्या उंचीपेक्षा मला त्या सांगण्याचीच जास्त काळजी वाटते. बॉल पायात येतानाच पोराला बघायचं असतं की अंगावर कोण येतंय आणि मोकळा कोण आहे. नेमकं तेव्हाच ‘मार, मार’ ऐकू आलं, की मान वर न करता तो बॉल लाथाडून मोकळा होतो. गडबड तिथून येते. घरी जाताना गाडीवर चुकांची उजळणीही नको. तो आपणहून बोलला तर ऐका.

उंची कुणाची बाराव्या वर्षी सुटते, कुणाची पंधराव्या. भारताचा स्टार फुटबॉलपटू सुनील छेत्री 170 सेंटिमीटरचाच आहे.

नुसत्या राउंडने फुटबॉलचा दम येतो, हा समज मात्र चुकीचा आहे. मॅचमध्ये एका लयीत कुणी पळत नाही; छोटी धाव, थांबणं, वळणं, पुन्हा धाव असं चालतं. शिवाय 10 राउंडांत बॉलला एकही टच होत नाही. तेवढ्याच वेळात 30 बाय 20 मीटरच्या जागेत चार विरुद्ध चार मुलं खेळवा. दमही वाढेल, टचही. वाढीच्या वयात कडक ग्राउंडवर रोज पळवलं तर टाच आणि गुडघ्याखालचं हाड दुखायला लागू शकतं. तेव्हा विश्रांतीच द्यायची, ‘सहन कर’ म्हणायचं नाही.

घरी 4 नंबरचा बॉल द्या, 5 चा नको. भिंतीपासून 5 मीटरवरून दोन्ही पायांनी 50-50 पास. बॉल उडत असेल तर टेकलेला पाय मागे राहतोय. तो बॉलच्या शेजारी आणायचा, मारणाऱ्या पायाचा घोटा घट्ट. तुम्ही त्याच्या मागे उभे राहून बोटं दाखवा. भिंतीवरून बॉल परत यायच्या आत त्यानं खांद्यावरून वळून आकडा सांगायचा. मॅचमध्ये बघायची सवय अशी लागते.

राज्य सरकारच्या निवासी क्रीडा प्रबोधिनीत खेळासोबत शाळाही चालू राहते; तिच्या चाचण्यांची चौकशी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात करा. खासगी अकादमी पुढे कधी बघितलीत, तर कोचकडे कुठलं लायसन्स आहे, एका कोचमागे किती मुलं आहेत आणि दुखापत झाली तर कोण बघतं, हे विचारा. शाळा सोडा म्हणणारी अकादमी यादीतून काढून टाका.