आश्रमांत इतकी मुलं असताना दत्तकासाठी साडेतीन वर्षं का थांबायचं? ओळखीतून थेट बाळ घेतलं तर काय बिघडतं?

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण त्यात घाई आहे. तुम्ही लिहिलंय की तुम्ही 41 चे, पत्नी 38 च्या. ओळखीच्या प्रसूतिगृहातली एक नर्स म्हणतेय की एका अविवाहित मुलीचं बाळ महिन्याभरात होईल, ‘दवाखान्याचा खर्च’ म्हणून अडीच लाख द्या, जन्मदाखल्यावर थेट तुमचीच नावं लागतील.

नको. याला दत्तक म्हणत नाहीत, ही खरेदी आहे. बाल न्याय कायदा 2015 च्या कलम 81 मध्ये मूल विकणाऱ्याला आणि विकत घेणाऱ्यालाही 5 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाख दंड आहे. त्यात दवाखान्यातल्या माणसाचा हात असेल तर त्याला किमान 3 आणि कमाल 7 वर्षं. पण शिक्षा क्षणभर बाजूला ठेवा. जन्मदाखला खोटा, म्हणजे पुढचं आधार, शाळेचा दाखला, पासपोर्ट, वारसाहक्क सगळं त्या खोट्यावर उभं. अशी टोळी पकडली गेली की पोलीस एकेक मूल शोधत येतात. तोवर तुमचं बाळ चार-पाच वर्षांचं झालेलं असतं, तुम्हाला आई-बाबा म्हणत असतं, आणि त्याला उचलून बालगृहात नेतात. त्याचा त्यात काय गुन्हा?

नोटरीच्या स्टॅम्पपेपरवर ‘दत्तकपत्र’ करून देतो असंही कुणी सुचवेल. 1956 चा हिंदू दत्तक कायदा आहे, तो चालतोही. पण त्यात जन्मदाते स्वतः मूल देतात, तुम्ही उघडपणे घेता, आणि पैशाच्या देवाणघेवाणीला मनाई आहे. धाकट्या भावाचा मुलगा मोठ्याने दत्तक घेतला आणि रीतसर दत्तकपत्र नोंदवलं, अशा ठिकाणी तो मार्ग ठीक. नर्स सांगते तो व्यवहार त्यात कुठेच बसत नाही.

आता रांग. मी स्वतः या रांगेत 2 वर्षं 5 महिने होते. ऑगस्ट 2018 मध्ये नोंदणी केली, जानेवारी 2021 मध्ये लेक घरी आली. तेव्हा ते फार वाटलं होतं, आता तीन-साडेतीन वर्षं लागतात हे खरं आहे. 2023 च्या सुमारास देशभरात 30,000 हून जास्त कुटुंबं नोंदवलेली होती आणि दत्तक देता येण्याजोगी मुलं होती 2,000 च्या आसपास. त्यातही मोठा हिस्सा विशेष गरजा असलेल्या मुलांचा. निरोगी, दोन वर्षांच्या आतलं बाळ जवळपास प्रत्येकालाच हवं असतं आणि तशी बाळं मोजकी असतात.

‘पण आश्रमांत तर भरपूर मुलं दिसतात.’ हो, मलाही हेच वाटायचं. सासऱ्यांच्या श्राद्धाला आम्ही नाशिकजवळच्या एका बालगृहात जेवण द्यायचो. चाळीसेक मुलं असायची. एका वर्षी मी तिथल्या अधीक्षक बाईंना म्हणाले, एवढी मुलं आहेत आणि सरकार आम्हाला एक देत नाही. त्या काही बोलल्या नाहीत. पंगतीकडे वळून त्यांनी विचारलं, ‘दिवाळीला घरी कोण कोण जाणार रे?’ बहुतेक सगळे हात वर. एकाने तर जिलबी धरलेला आणि मोकळा, दोन्ही हात वर केले. हात वर न करणारी मुलं मला मोजता आली. पाच होती.

म्हणजे बालगृहातलं मूल अनाथ असतंच असं नाही. वडील गेलेत आणि आई चार घरची धुणीभांडी करते, बाप दारूत आहे, आईबाप ऊसतोडीला जातात आणि मागे बघणारं कुणी नाही, अशी ती मुलं. त्यांना आई आहे. तिच्याकडे महिन्याला थोडे पैसे आले तर मूल घरीच राहील. आपल्याकडे बालसंगोपन योजना आहे ती त्यासाठीच, महिना 2,250 रुपये. ते वेळेवर मिळावेत यासाठी कुणी भांडत असेल तर मी त्यांच्यामागे उभी राहीन. गरिबी आहे म्हणून एका बाईचं मूल दुसऱ्या बाईला द्यायचं, हे मला तरी पटत नाही, आणि मी स्वतः घेणारी बाई आहे.

दत्तक जाणारं मूल वेगळ्या दारातून येतं. ते विशेष दत्तक संस्थेत असतं आणि बालकल्याण समितीने त्याला ‘दत्तकमुक्त’ जाहीर केलेलं असतं. आईने समितीपुढे येऊन बाळ स्वाधीन केलं, तर तिला विचार बदलायला 60 दिवस मिळतात. बाळ कुठे सोडलेलं सापडलं, तर पोलिसांचा अहवाल, वर्तमानपत्रात फोटोसह जाहिरात, पालकांचा शोध हे सगळं होतं. दोन वर्षांच्या आतल्या बाळासाठी दोन महिन्यांत आणि त्याहून मोठ्यासाठी चार महिन्यांत हा निर्णय व्हावा असं कायदा सांगतो. त्या जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील. आतल्या पानावर टेंडर नोटिशीच्या शेजारी, तिकिटाएवढा फोटो आणि खाली ‘सदर बालकाच्या पालकांनी संपर्क साधावा’. त्या फोटोंपाशी न थांबता मी आता पुढे जाऊ शकत नाही.

या दोन-चार महिन्यांना मी उशीर म्हणणार नाही. तुमच्या नर्सला नेमके हेच दोन महिने वगळायचे आहेत. बाळंतपणानंतर चौथ्या दिवशी ती मुलगी रडत परत आली, तर तिचं म्हणणं ऐकायला तिथे कोण असणार? अशा मुलींसाठी जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात 1863 मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. गुपचूप या, बाळंत व्हा, मूल न्या किंवा इथे ठेवा, अशी सोय. तिथेच काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, तो यशवंत, पुढे डॉक्टर झाला. निर्णय आईचा आणि नाव गुप्त, ही सोय कायद्याने आजही ठेवलेली आहे, तीही फुकट.

मग सरकारची चूक काहीच नाही का? आहे, आणि ती मधल्या टप्प्यात आहे. बालकल्याण समितीत अध्यक्ष धरून पाच जण असतात आणि मूल दत्तकमुक्त करायचा निर्णय किमान तिघांनी घ्यावा लागतो. मुदत संपली, जागा भरल्या नाहीत, की फाइल तिथेच. आणि दुसरं, याहून वाईट. त्या पाच हात न उचललेल्या मुलांपैकी एकाचा मामा वर्षातून एकदा येऊन रजिस्टरवर सही करून जायचा. मूल नेत नाही, सोडतही नाही. कागदोपत्री ‘कुटुंब संपर्कात’. मूल तीन वर्षांचं असताना आलं ते अकरा वर्षांचं होईतो तिथेच, आणि अकराव्या वर्षी त्याला कोण नेणार? अशा मुलांचा आढावा दर वर्षी कडकपणे घेतला तर रांग किती कमी होईल ते सांगता येणार नाही, पण त्या मुलांचं तरी काही होईल.

रजेचाही एक मासला सांगते. मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीने दत्तक आईला 12 आठवड्यांची पगारी रजा मिळाली, पण तेव्हा अट होती, मूल तीन महिन्यांच्या आतलं असेल तरच. मूल दत्तकमुक्त व्हायलाच दोन महिने, पुढे जुळणी, वैद्यकीय अहवाल, प्रवास. तीन महिन्यांच्या आत बाळ घरी आणून दाखवा, मी पेढे वाटीन. माझी लेक आली तेव्हा 14 महिन्यांची होती. आमच्या एचआरने कलम वाचून दाखवलं आणि मी बिनपगारी बसले.

होम स्टडीला, म्हणजे समाजसेविका घरी येऊन करतात त्या चौकशीला, लोक उगाच घाबरतात. आमच्याकडे आलेल्या समाजसेविका ताईंनी फ्लॅट किती मोठा हे पाहिलंच नाही. त्यांनी नवऱ्याला विचारलं, ‘भांडण झालं की आधी कोण बोलतं?’ तो म्हणाला, मी. मीही म्हणाले, मी. त्या हसून लिहीत राहिल्या. सासूबाईंना वेगळं बसवून विचारलं, तुम्हाला चालेल का? सासूबाई म्हणाल्या, ‘रक्ताचं नसलं तरी चालेल, पण घरात चपला घालून फिरायचं नाही.’ तेही त्यांनी लिहून घेतलं असावं.

रेफरल, म्हणजे तुमच्यासाठी सुचवलेल्या मुलाची माहिती, आला की 48 तासांत कारा या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या पोर्टलवर होकार द्यायचा असतो. फोटो, एक पानी बालअभ्यास अहवाल आणि वैद्यकीय तपासणी. तो वैद्यकीय अहवाल स्वतः गुगल करत बसू नका, तुमच्या बालरोगतज्ज्ञाला दाखवा. आम्ही एक रात्र डोक्याच्या घेराचा आकडा शोधत जागून काढली. सकाळी डॉक्टरांनी दोन मिनिटांत सांगितलं, वजन कमी आहे, खाईल आणि भरेल.

करोनाचे दिवस, त्यामुळे शिशुगृहात तिने आम्हाला पाहिलं ते मास्कमध्ये. तिने नवऱ्याचा मास्क ओढला, खालचं तोंड बघितलं आणि परत वर लावला. तिला एकच शब्द येत होता, ‘माशी’. सांभाळणाऱ्या सगळ्या बायका तिथे मावशी. पुढचे दोन महिने मीही माशी, सासूबाई माशी, कामाला येणाऱ्या ताई माशी. ती रात्री रडायची नाही. जाग आली की डोळे उघडे ठेवून पंख्याकडे बघत पडायची. मला वाटलं, किती शहाणी. समाजसेविका ताईंना फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, रडून कुणी येतं हे तिला अजून माहीत नाही, रडली की मला कळवा. सातव्या आठवड्यात रात्री अडीचला तिने असा काही भोंगा लावला की खालच्या मजल्यावरचे वर आले. मी ताईंना पहाटे मेसेज केला.

तुमच्यासाठी कामाचं. दोघांच्या वयाची बेरीज 79 आहे. दोन वर्षांच्या आतल्या मुलासाठी मर्यादा 85, दोन ते चारसाठी 90, चार ते आठसाठी 100. वय नोंदणीच्या दिवशीचं धरतात, म्हणून विचार करत वर्ष घालवू नका, काराच्या पोर्टलवर या आठवड्यात नोंदणी करा. पॅन, जन्माचा आणि पत्त्याचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, विवाह प्रमाणपत्र, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि दोघांचा एकत्र फोटो लागतो. होम स्टडीचे 6,000 आणि संस्थेला बाल संगोपन निधी म्हणून 50,000, रीतसर पावतीसह. आमच्या वेळी ते 40,000 होते. नियमात ठरलेल्या शुल्काशिवाय कुणी एक रुपया मागितला तर देऊ नका. आदेशासाठी आम्ही न्यायालयात गेलो होतो. सप्टेंबर 2022 पासून तो अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे.

वयोगट भरताना दोघांनी मिळून एक संध्याकाळ काढा. चार-पाच वर्षांच्या मुलाचा विचार होऊ शकला तर रांग पुष्कळ आखूड असते. पण ‘लवकर मिळेल’ एवढ्याच कारणाने मोठं मूल घेऊ नका. त्याला आठवणी असतात, ते तुम्हाला तपासून बघतं, वस्तू फोडतं, अन्न लपवतं. अशी मुलं संस्थेत परत सोडल्याची प्रकरणं होतात आणि त्या मुलाला दुसऱ्यांदा सोडून दिलं जातं. जमणार असेल तरच ती खूण करा, नाहीतर सरळ शून्य ते दोन लिहा आणि थांबा. त्यात अपराधी वाटायचं कारण नाही.

आणि ती नर्स. तुम्ही नाही म्हटल्यावर ती दुसऱ्या जोडप्याला फोन करेल, हे तुम्हालाही कळतंय. त्या मुलीला मूल ठेवायचं नसेल तर तिला समितीपुढे स्वाधीन करता येतं, हे बहुधा तिला कुणी सांगितलेलंच नाही. 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा, प्रसूतिगृहाचं नाव आणि नर्सने जे सांगितलं ते सांगा. बाळ व्हायला अजून महिना आहे ना, मग वेळ आहे.