आइसक्रीम वेल कापूनही पुन्हा का फुटतो?

प्रश्न : शोभेसाठी कुंपणावर लावलेला गुलाबी फुलांचा वेल आता लिंबाच्या झाडांवर चढला आहे. दोनदा जमिनीलगत कापला, तरी पहिल्या पावसात तेवढाच वाढला. मधमाश्या भरपूर येतात, म्हणून पूर्ण काढायला मन होत नाही. काय करावे? काढलेला वेल कंपोस्टमध्ये टाकला तर चालेल का?

उत्तर : हृदयाच्या आकाराची पाने आणि तुऱ्याच्या टोकाला काकडीसारखे ताणे असतील, तर हा आइसक्रीम वेलच. मूळचा मेक्सिकोचा, शोभेसाठी लावला गेला आणि उष्ण प्रदेशांत जागोजागी कुंपणाबाहेर पडला.

तुम्ही कापलात तो वेलाचा खर्च होणारा भाग. शिल्लक जमिनीखाली आहे. मुळांवर गड्डे असतात. वरचा पाला गेला की त्यातल्या साठ्यावर नवे फुटवे येतात. म्हणून आधी झाडावरचा वेल कमरेइतक्या उंचीवर तोडा आणि वरचा भाग तिथेच वाळू द्या. हिरवा असताना ओढलात तर लिंबाच्या फांद्याही खाली येतील. मग जमीन वाफशावर, म्हणजे ओलसर पण चिखल नसलेली असताना, खालच्या खुंटाचा माग काढत कुदळीने खणा. घाईत ओढलेला वेल तुटून हातात येतो आणि गड्डा आत राहतो. त्या जागी रोटाव्हेटर मात्र फिरवू नका, गड्ड्यांचे तुकडे रानभर होतील. एका खणण्यात काम संपत नाही. फुटवा दिसला की लगेच, पाने मोठी होण्याआधी काढा.

तणनाशकाची फवारणी इथे नकोच. वेलाखाली तुमच्याच लिंबाची पाने आहेत.

बियांकडे दुर्लक्ष होते. फुलाच्या गुलाबी पाकळ्या गळत नाहीत, वाळून कागदासारख्या होतात. असे एक वाळलेले फूल चुरगळून पाहा, आत टोकाशी तीन कडा असलेले तपकिरी फळ सापडेल. ते पाण्यावर तरंगते, म्हणजे पाटाच्या पाण्याबरोबर खालच्या शेतात पोहोचते. त्यामुळे काढणी तुरे वाळण्याआधीच करा.

मधमाश्यांचे म्हणणे खरे आहे. फुलावर आलेला हा वेल मलाही तोडवत नाही. पण मधमाश्यांसाठी बांधावर तुळस, सूर्यफूल लावा आणि ती फुलू लागली की वेलाला हात घाला.

कंपोस्टमध्ये फक्त फुले-बिया नसलेला, पूर्ण वाळलेला पाला चालेल. गड्डे उन्हात कडक वाळवून जाळा. ओल्या उकिरड्यावर टाकलेत, तर पुढच्या पावसात तिथेच मांडव दिसेल.