अंगणवाडीत नव्या आलेल्या ताईला

ताई, कापूस वेचणीच्या दिवसांत आया सकाळीच वावरात जातात, लेकरू गप्प राहावं म्हणून हाती मोबाईल देतात. त्यांना रागावू नको. जागतिक आरोग्य संघटनेचं २०१९ पासूनचं सांगणं समजाव: दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच, पुढे चार वर्षांपर्यंत दिवसाला फार तर तासभर.

पण आधी खेळ दाखव. तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल वर्षभर फळीवर कशाला? माझ्याकडचा एक पोरगा बोलतच नव्हता. त्याच्या बैलाला खोटंखोटं पाणी पाजलं आणि थांबले. बराच वेळ. मग हळूच म्हणाला, "अजून." मोबाईल असा थांबत नाही गं. चिंचोके मात्र लहानग्यांना देऊ नको, घशात अडकतात. आणि एखाद्या लेकराला बोलायला फारच उशीर झाला, तर आरोग्य तपासणीचं पथक येईल तेव्हा आठवणीने दाखव.